विद्युत् गिटारची हौशी हस्तनिर्मिती

विद्युत् गिटार स्वतःच्या वापरासाठी घरच्या घरी घडविणे किंवा तयार वाद्याचे भाग बदलून ते आपल्या हाताला व कानाला मानवेल असे करून घेणे, हा विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ग्रेट ब्रिटन ह्या देशांत रूढ झालेला व पुढे जगभर पसरलेला एक छंद होय. छंद असला, तरी ह्या वाद्याच्या इतिहासात त्याचे स्थान दुय्यम नाही. व्हायोलिन, सतार, पियानो इ. वाद्ये पिढीजात किंवा दीर्घ उमेदवारी केलेल्या कारागिरांनी विकसित केली. हौशी माणसांनी ती कधी घडविली असली, तरी त्यामुळे त्या वाद्यांच्या रूपात फारसा फरक पडला नाही. विद्युत् गिटारच्या बाबतीत मात्र अनेक महत्त्वाचे टप्पे वाद्यनिर्मितीचे रीतसर शिक्षण नसलेल्या वादकांनी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी, यंत्रकाम जाणणाऱ्यांनी आणि क्वचित शाळकरी मुलांनीही गाठलेले आहेत व कारखान्यांनी ते मागाहून स्वीकारलेले आहेत.

रचना व तत्त्व : असे का घडले, हे समजण्यासाठी ह्या वाद्याचे ध्वनितत्त्व ध्यानात घेणे आवश्यक आहे. तंबोऱ्याचा नाद जसा भोपळ्यावर व तबलीवर अवलंबून असतो, तसा साध्या गिटारचा नाद तिच्या पोकळ ध्वनिपेटीवर अवलंबून असतो. पेटीची वरची फळी अवघी २·५ ते ३ मिमी. जाडीची असते, ती किती तासावी व आतून आधाराच्या पट्ट्या कशा बसवाव्यात, हे अनुभवी हातालाच कळते. भरीव अंगाच्या विद्युत् गिटारमध्ये ही पेटीच नसते. पोलादी तारांच्या खाली एक लहान ध्वनिग्राहक बसविलेला असतो. व्यवहारात त्याला ‘पिकप’ म्हणतात. पिकप म्हणजे चुंबक व त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार छेडली की तिच्या कंपनांमुळे चुंबकीय क्षेत्रात बदल होतात, वेटोळ्यात त्याच कंप्रतेचा अल्पसा विद्युत् दाब प्रवर्तित होतो आणि विवर्धक व ध्वनिक्षेपक ह्यांच्या द्वारे तो ऐकू येतो. तात्पर्य, वाद्याचे अंग म्हणून चार-साडेचार सेंमी. जाडीची कोणतीही टणक फळी चालू शकते. पिढीजात कारागिराची मक्तेदारी जेथे होती, तो भागच गळून पडल्याने बेताचे सुतारकाम, थोडे यंत्रकाम व झाळकाम येणाऱ्या माणसाला हे वाद्य आवाक्यात आले. दांडी व तिच्यावरील पडदे ह्यांची अचूकता मात्र पूर्वीइतकीच आवश्यक राहिली आणि हौशी माणसाची खरी परीक्षा आजही तेथेच होते.

उगम : घरी केलेल्या तंतुवाद्यांची परंपरा अमेरिकेत विद्युत् गिटारहून जुनी आहे. दक्षिणेकडील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत खांबावर किंवा भिंतीवर दोन खिळे मारून त्यांत एकच तार ताणत व बाटलीचा तुकडा तिच्यावरून सरकवून ती वाजवीत. चिरूटांच्या रिकाम्या पेट्यांना काठी जोडून केलेली वाद्येही एकोणिसाव्या शतकापासून प्रचारात होती. ब्लूज व रॉक ह्या संगीतप्रकारांतील प्रख्यात वादक बो डिडली (१९२८–२००८) ह्याची चौकोनी गिटार ह्याच परंपरेशी नाते सांगते. आधी ती त्याने स्वतः बनविली आणि ग्रेच ह्या कंपनीने त्या घाटाची गिटार त्याला १९५८ मध्ये करून दिली.

विद्युत् चुंबकीय पिकप व्यवहारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने जॉर्ज बोशँप (१८९९–१९४१) ह्या मूळच्या टेक्सासमधील व लॉस अँजेल्स येथे स्थायिक झालेल्या रंगभूमीवरील वादकाला देण्यात येते. तो अभियंता नव्हता. नृत्यगृहांतील गोंगाटात आपले हवाईयन गिटारवादन ऐकू जात नाही, ही त्याची अडचण होती. घरी जेवणाच्या मेजावर, घरगुती यंत्राच्या मोटरने तार गुंडाळून त्याने आपले प्रयोग केले. त्यातून सिद्ध झालेल्या गिटारचा पहिला लाकडी नमुना हॅरी वॉटसन ह्या कारागिराने मेपल लाकडातून साध्या हत्यारांनी काही तासांत कोरला. गोल लहान अंग व लांब दांडी ह्यांमुळे तिला ‘तळण्याचा तवा’ असे विनोदी नाव मिळाले. ॲडॉल्फ रिकनबॅकर (१८८७–१९७६) ह्याच्या साहाय्याने १९३२ मध्ये ती ॲल्युमिनियमच्या ओतीव अंगासह विक्रीस आली. एकस्वासाठी अर्ज १९३४ मध्ये करण्यात आला व १९३७ मध्ये तो मंजूर झाला.

लेस पॉल (१९१५–२००९) ह्या वादकाची हकीकतही अशीच आहे. पोकळ पेटीला पिकप लावला की ध्वनिक्षेपकातून आलेला आवाज पेटीला पुन्हा कंपित करतो व कर्कश शीळ सुरू होते. पेटीच नको, तर तार ताणायला जड व स्थिर काहीतरी हवे, ह्या विचाराने आपण लहानपणी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणून तिच्याखाली टेलिफोनचा भाग ठेवून पाहिला होता, अशी आठवण तो सांगत असे. सु. १९४०–४१ मध्ये न्यूयॉर्क येथील एपिफोन कारखान्यात सुटीच्या दिवशी काम करण्याची परवानगी मिळवून त्याने पाइन लाकडाच्या सु. १० सेंमी. चौरस छेदाच्या ओंडक्यावर दांडी, घोडी व स्वतः केलेले पिकप बसविले. हे वाद्य ऐकणाऱ्यांना आवडेना. लोकांना गिटार गिटारसारखी दिसायला हवी होती. तेव्हा त्याने एक पोकळ गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. हे अर्धे केवळ दिसण्यापुरते होते. ‘ओंडका’ ह्याच नावाने प्रसिद्ध असलेली ही गिटार नॅशव्हिल येथील संग्रहालयात पहावयास मिळते. गिब्सन कंपनीने तिची प्रथम चेष्टा केली आणि १९५२ मध्ये लेस पॉलच्याच नावाने भरीव अंगाची गिटार बाजारात आणली. तोवर दक्षिण कॅलिफोर्नियात मोटारसायकलींची आवड असलेला साचेकार पॉल बिग्स्बी (१८९९–१९६८) ह्याने मर्ल ट्रॅव्हिस ह्या गायक-वादकासाठी १९४८ मध्ये सहाही खुंट्या एकाच बाजूला असलेली गिटार बनविली होती.

लिओ फेंडर (१९०९–९१) ह्याच्या कामगिरीने ह्या छंदाला अनपेक्षित रीतीने पाया मिळाला. फुलर्टन येथे त्याचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते आणि त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. दुरुस्ती सोपी व्हावी ह्या दुकानदारी दृष्टीनेच त्याने वाद्याकडे पाहिले. १९५० मध्ये आलेली व १९५१ पासून ‘टेलिकास्टर’ ह्या नावाने ओळखली जाणारी त्याची गिटार म्हणजे एक सपाट फळी व तिला चार स्क्रूंनी आवळलेली दांडी. सरसाने कायमचा सांधा नाही, वक्र फळी नाही. दांडी झिजली तर नवी आणून बसवावी. १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये तिन्ही पिकप, नियंत्रक बटने व जोडण्या एका पातळ आवरणावर बसविलेल्या होत्या, त्यामुळे ते आवरण उचलले की सगळी विद्युत् मंडले हाती येत. कारखान्याची सोय म्हणून केलेली ही रचना पुढे हौशी माणसांच्या उपयोगी पडली. जे वाद्य पेचकसाने खोलता येते, ते कोणीतरी खोलणारच.

टंचाईच्या काळातील निर्मिती : दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय चलन वाचविण्यासाठी ग्रेट ब्रिटनने अमेरिकन मालाच्या आयातीवर निर्बंध घातले. वाद्यांवरील बंदी १९५९ पर्यंत टिकली. क्लिफ रिचर्ड ह्या गायकाने आपला साथीदार हँक मार्व्हिन ह्याच्यासाठी त्या वर्षी मागविलेली लाल स्ट्रॅटोकास्टर ही त्या देशात पोहोचलेल्या पहिल्या फेंडर गिटारींपैकी एक समजली जाते. बंदी उठल्यावरही ह्या गिटारी सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या नव्हत्या. रॉक अँड रोलचे वेड लागलेल्या मुलांपुढे निकृष्ट स्वस्त वाद्य घेणे किंवा स्वतः काहीतरी जमविणे हेच मार्ग होते. युद्धकाळात घराघरांत रुजलेली दुरुस्तीची सवय, शाळांतून शिकविले जाणारे सुतारकाम आणि रेडिओचे भाग ह्यांच्या बळावर अनेकांनी दुसरा मार्ग धरला.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रायन मे (१९४७– ) ह्याच्या ‘रेड स्पेशल’ ह्या गिटारचे आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने वडील हॅरल्ड मे ह्यांच्यासह ती करावयास घेतली. वडील इलेक्ट्रॉनिकी जाणणारे व सरकारी खात्यात आरेखक होते. घरातील दूरचित्रवाणी संचही त्यांनी स्वतः बनविला होता. कामास सु. दोन वर्षे लागली व खर्च सु. ८ पौंड आला. दांडी शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महॉगनी लाकडातून हाताने तासली. तीत कीड लागून पडलेली छिद्रे काड्यापेटीतील काड्या ठोकून बुजविली. अंगाचा मधला भाग जुन्या मेजाच्या ओक लाकडाचा, बाजू साध्या जोडफळीच्या व वर महॉगनीचा पापुद्रा. पडद्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणपेटीतील शिंपल्यांची बटने घासून बसविली. तारांचा ताण क्षणभर कमी-अधिक करून स्वर हेलकावणारी घोडी ही ह्या गिटारची सर्वांत कल्पक बाजू होय. ती पोलादी सुरीच्या धारेवर तोलली असून तारांच्या ओढीला प्रतिरोध करण्यासाठी १९२८ च्या पँथर मोटारसायकलीच्या झडपांच्या स्प्रिंगा वापरल्या आहेत; तिचा दांडा सायकलीच्या पिशवीच्या आधाराचा व त्याचे टोक विणकामाच्या सुईचे. धारेवर तोलल्याने घर्षण अत्यल्प राहते व स्वर मूळ जागी परततो. कारखान्यातून निघणाऱ्या तत्कालीन घोड्यांना हे नीट साधत नव्हते.

ह्या कथेतील सामान इतके चित्तवेधक आहे, की ती सांगताना तिच्यातील विचाराकडे बहुधा दुर्लक्ष होते. पितापुत्रांनी प्रत्येक भागासाठी नमुने करून चाचण्या घेतल्या. अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, कारण ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिल्यावर तारा आपणहून झंकारत राहाव्यात, अशी मुलाची इच्छा होती. लेस पॉलने जो दोष म्हणून टाळला, तोच येथे गुण म्हणून हवा होता. प्रत्येक पिकपला चालू-बंद करण्याची व प्रावस्था उलटविण्याची वेगळी कळ दिली. घरी केलेले पहिले पिकप मात्र जमले नाहीत. तार आडवी ओढली की चुंबकांच्या रचनेमुळे नको तो आवाज येई, म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे तीन पिकप विकत आणून बसविले. मे पुढे क्वीन ह्या १९७० मध्ये स्थापन झालेल्या वाद्यवृंदात ख्यातनाम झाला, २००७ मध्ये त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळविली आणि २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर त्याने वाजविली ती हीच गिटार. त्याच वाद्यवृंदातील जॉन डीकन ह्याने कचऱ्यात सापडलेल्या विद्युत् मंडलापासून केलेला लहानसा विवर्धकही क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत वापरला गेला.

टंचाई केवळ पैशाचीच असे, असे नाही. बर्मिंगहॅम येथील टोनी आयोमी (१९४८– ) ह्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके १९६५ मध्ये कारखान्यातील पत्र्याच्या यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात हाच होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या केल्या आणि जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. त्या काळी बारीक तारांचे संच मिळत नव्हते. ब्लॅक सॅबथ ह्या त्याच्या वाद्यवृंदाच्या जडशीळ नादामागे ही घरगुती तडजोड आहे.

सोव्हिएट संघात रॉक संगीताकडे अधिकृत दृष्टी संशयाची असल्याने विद्युत् गिटारींचे उत्पादन उशिरा सुरू झाले व त्यांचा दर्जाही बेताचा होता. मेजाच्या फळ्यांपासून केलेल्या गिटारी तेथे सर्रास होत्या. रस्त्यावरील सार्वजनिक टेलिफोनांचे श्रवणभाग पिकपसाठी काढून नेले जात, त्यामुळे शहरातील टेलिफोन मुके पडत, असे त्या पिढीच्या आठवणींतून वारंवार सांगितले जाते. चोरीचे समर्थन करता येत नाही. परंतु ज्याला चुंबक व बारीक तार दुसरीकडे कोठेच मिळत नव्हती, त्याने ती कोठून आणली हे त्यातून कळते.

असमाधानातून आलेली निर्मिती : १९७० च्या सुमारास अमेरिकेत गिटारींची टंचाई नव्हती, दुकाने भरलेली होती. तरीही छंद तेथेच सर्वांत फोफावला, त्याचे कारण असमाधान. मोठ्या कंपन्यांची मालकी बदलली होती व उत्पादन वाढविताना काम ढिले झाले, असा वादकांचा समज होता. तो सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. जुनी गिटार दुरुस्त करून वापरावी किंवा अनेक गिटारींतून एक चांगली जमवावी, ही प्रवृत्ती वाढली. एरिक क्लॅप्टन (१९४५– ) ह्याने १९७० मध्ये नॅशव्हिल येथे काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, काही मित्रांना दिल्या व उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ ही गिटार जुळविली. २००४ मध्ये ती लिलावात ९,५९,५०० डॉलरना विकली गेली.

एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) ह्याला स्ट्रॅटोकास्टरची हेलकावणारी घोडी व गिब्सनच्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकपचा भरदार नाद ही दोन्ही एकाच वाद्यात हवी होती. असे वाद्य बाजारात नव्हते. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्याने ५० डॉलरना एक सदोष म्हणून बाजूला काढलेले ॲश लाकडाचे अंग व ८० डॉलरना दांडी घेतली, आपल्या गिब्सन गिटारमधील पिकप काढून त्यात खोदकाम करून बसविला आणि बाकीच्या जोडण्या कशा करावयाच्या ते ठाऊक नसल्याने आवाज कमी-जास्त करणारे एकच बटन ठेवले. मोठ्या आवाजात पिकपची वेटोळी स्वतःच थरथरून शीळ घालीत. ते थांबविण्यासाठी त्याने पिकप वितळलेल्या मेणात बुडविला. अंगावर चिकटपट्ट्या लावून रंग फवारला, त्यासाठी सायकलीचा रंग वापरला. घोडीखाली टेकू म्हणून १९७१ चे पाव डॉलरचे नाणे स्क्रूने बसविले. ‘फ्रँकेनस्टाइन’ हे तिचे नाव सार्थ होते. १९७८ मध्ये व्हॅन हेलन वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा हा नाद कोणत्या कंपनीच्या गिटारचा, ह्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. पुढील काही वर्षांत एकच दुहेरी पिकप, हेलकावणारी घोडी व भडक रंग असलेल्या गिटारी बहुतेक कंपन्यांनी काढल्या. २००७ मध्ये फेंडर कंपनीने ह्या गिटारच्या ३०० प्रतिकृती प्रत्येकी २५,००० डॉलर किमतीने विक्रीस ठेवल्या, त्यांत ओरखडे, डाग व ते नाणे ही सर्व हुबेहूब होती. मूळ गिटार २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात प्रदर्शित करण्यात आली.

सुट्या भागांचा व्यापार ह्याच काळात उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ ह्याने १९७२ मध्ये अधिक जोरकस नादाचा पिकप तयार केला व तो जुन्या पिकपच्या जागी बसविता येई. सीमोर डंकन ह्याची कंपनी १९७६ मध्ये निघाली. वेन शार्व्हेल, शेक्टर, वॉरमॉथ इ. नावांनी अंगे, दांड्या व पत्रे सुटे मिळू लागले. फ्लॉइड रोझ ह्या वादकाने तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारी घोडी तयार केली. तिचे एकस्व १९७९ मध्ये मिळाले. ओहायओ राज्यातील स्ट्यूअर्ट-मॅकडॉनल्ड ही कंपनी मूळची बँजोच्या भागांची. ती पुढे वाद्यनिर्मितीच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध झाली. मेल्व्हिन हिस्कॉक ह्याचे १९८६ मधील ‘मेक युअर ओन इलेक्ट्रिक गिटार’ हे पुस्तक हौशी लोकांत प्रमाण मानले गेले. काही हौशी ह्यातून व्यावसायिक झाले. उदा., पॉल रीड स्मिथ ह्याने आपली पहिली गिटार महाविद्यालयीन अभ्यासाचा भाग म्हणून केली होती.

ह्या उत्साहाची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. १९५० नंतरच्या दशकातील उत्तम गिटारी त्या काळी केवळ जुन्या समजल्या जात. पिकप बदलण्यासाठी त्यांच्या अंगात मोठे खड्डे कोरले गेले, मूळ रंग खरवडून काढले गेले. आज त्या वाद्यांचे मूल्य जाणणाऱ्यांना त्याची हळहळ वाटते. मात्र ज्यांनी हे केले त्यांच्या दृष्टीने ती वाजविण्याची साधने होती, संग्रहाच्या वस्तू नव्हत्या, हेही खरे.

निर्मितितंत्र : पडद्यांच्या जागा हा कामाचा गाभा होय. मेरूपासून (दांडीच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीपासून) घोडीपर्यंतचे तारेचे अंतर फेंडर पद्धतीत सु. ६४८ मिमी. व गिब्सन पद्धतीत सु. ६२८ मिमी. असते. सप्तकाचे बारा समान भाग असल्याने प्रत्येक पडद्यापासून घोडीपर्यंतचे अंतर आधीच्या अंतराला १·०५९५ ने भागून मिळते. म्हणजे ६४८ मिमी. च्या तारेवर पहिला पडदा मेरूपासून ३६·४ मिमी. वर व बारावा नेमका मध्यावर, ३२४ मिमी. वर येतो. जुने कारागीर उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजत. ह्या सोप्या नियमाने बारावा पडदा सु. २·४ मिमी. अलीकडे पडतो, म्हणून नवशिक्याने त्याच्या मोहात पडू नये. पडदा बसवायची खाच पडद्याच्या पात्याहून किंचित अरुंद लागते. पडदे ठोकल्यावर ते सर्व एका पातळीत घासून त्यांना पुन्हा गोलाई द्यावी लागते. एक पडदा किंचित उंच राहिला, तरी तार तेथे खरखरते. तारांचा एकूण ताण सु. ४० ते ५० किग्रॅ. असतो व त्याने दांडी पुढे वाकते. ते सावरण्यासाठी तिच्या पोटात आवळता येणारी पोलादी सळई घालतात. लाकूड पुरेसे वाळलेले नसेल, तर सळईही वाद्य वाचवू शकत नाही.

पिकप घरी गुंडाळणे हा छंदातील स्वतंत्र छंद आहे. साध्या पिकपमध्ये सु. ०·०६ मिमी. व्यासाच्या, केसाएवढ्या बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. शिवणयंत्राची मोटर किंवा हातड्रिल ह्यांवर वेटोळे फिरवून तार बोटांच्या चिमटीतून सोडतात. बोट जरा घट्ट झाले की ती तुटते. वेढे मोजण्यासाठी फिरत्या चकतीला लहान चुंबक लावून त्याने चालू-बंद होणारी कळ स्वस्त गणकयंत्राच्या बरोबरीच्या चिन्हाला जोडण्याची युक्ती सर्वत्र रूढ आहे. एकेरी वेटोळे घरातील वीजतारांची गुणगुण पकडते. सेथ लव्हर (१९१०–९७) ह्याने गिब्सनसाठी १९५५ मध्ये योजलेल्या दुहेरी पिकपमध्ये दोन वेटोळी उलट दिशेने जोडलेली व उलट ध्रुवांची असल्याने गुणगुण रद्द होते आणि स्वर मात्र टिकतो. अंगातील पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो भूयोजित करणे हा त्यावरील स्वस्त उपाय होय.

कामात धोकेही आहेत. फिरत्या पात्याचे राउटर यंत्र निष्काळजीपणे धरल्यास बोटे जातात. शिसवी लाकडाची भुकटी कातडीला व श्वसनमार्गाला बाधते, तर शिंपल्याची भुकटी फुप्फुसांना घातक असते. नायट्रोसेल्युलोजाचा रंग अतिज्वालाग्राही असतो. जुन्या निर्वात नलिकांच्या विवर्धकात वीज बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो, म्हणून जाणकाराविना तो उघडू नये.

कोणत्या लाकडाने नाद कसा बदलतो, हा हौशी व व्यापारी ह्यांच्यातील जुना वाद आहे. ॲश, आल्डर, महॉगनी ह्यांना जाहिरातींतून निरनिराळे स्वरगुण चिकटविले जातात. पिकप तारेचे कंपन ग्रहण करतो, फळीचे नव्हे. तेव्हा लाकडाचा परिणाम असलाच, तर तो तारेच्या कंपनावर फळी व दांडी जे नियंत्रण ठेवतात तेवढाच असणार. अलीकडे एका अमेरिकन वादकाने अंग व दांडी पूर्णपणे वगळून दोन कामाच्या मेजांच्या मध्ये तारा ताणल्या, खाली पिकप धरला आणि नाद चांगल्या गिटारच्या इतका जवळ आला, की अनेक ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. ह्याने वाद मिटला नाही. परंतु पिकपची उंची व जागा, तारा आणि विवर्धक ह्यांचा वाटा लाकडाहून फार मोठा आहे, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

भारताशी संबंध : भारतात गिटार प्रथम लोकप्रिय झाली ती मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजविण्याच्या हवाईयन प्रकारात. टाउ मो हा हवाईयन वादक १९४० नंतरच्या दशकात कलकत्त्यास राहिला होता. लखनौचा व्हॅन शिप्ले (१९२७–२००८) हा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत विद्युत् गिटार रुजविणाऱ्या आरंभीच्या वादकांपैकी एक. आठ तारांची विद्युत् गिटार त्याने स्वतःच्या कल्पनेने करवून घेतली होती. वाद्य आपल्या संगीताला जुळवून घेण्याची गरज येथे वेगळीच होती. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) ह्यांनी मींड व आलापी साधण्यासाठी मेरू उंच करून चिकारीची तार चढविली आणि विश्वमोहन भट्ट (१९५०– ) ह्यांनी तरफेच्या तारांची भर घालून मोहन वीणा सिद्ध केली. भट्ट व राय कूडर ह्यांच्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ही वाद्ये बहुतांशी ध्वनिपेटीची असली, तरी तयार गिटार उघडून तिला आपलेसे करण्याची वृत्ती तीच आहे.

दुसरा दुवा लाकडाचा आहे. गिटारच्या दांडीवरील पडद्यांची पट्टी पूर्वी ब्राझीलच्या शिसवीची असे. ते लाकूड दुर्मिळ झाल्यावर १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सह्याद्रीच्या व दक्षिण भारताच्या जंगलांतील शिसवीने बहुतेक कारखान्यांत त्याची जागा घेतली. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये जवळजवळ पूर्ण बंदी आली, तर जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण प्रजातीचा व्यापार परवान्याच्या कक्षेत आणला गेला. त्यामुळे जुन्या गिटारी सीमेपलीकडे नेणेही अवघड झाले. वादक व वाद्यनिर्मात्यांच्या तक्रारींनंतर नोव्हेंबर २०१९ पासून भारतीय शिसवीसह बहुतेक जातींपासून केलेली तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग ह्यांना सूट देण्यात आली. न घडविलेल्या लाकडाला मात्र ही सूट नाही. कारखान्याला परवान्याचा खर्च फारसा जाणवत नाही. एकच पट्टी परदेशातून मागविणाऱ्या हौशी माणसाला तो लाकडाच्या किमतीहून अधिक पडतो. म्हणून अनेकांनी मेपल, अक्रोड व इतर स्थानिक लाकडे वापरावयास आरंभ केला आहे. काही जण पाडलेल्या इमारतींच्या तुळया, जुन्या दारांच्या चौकटी व मोडीत निघालेली मेजे शोधतात, कारण ते लाकूड अनेक दशके वाळलेले असते आणि पुन्हा वाकत नाही.